कोंडीरामकाका आणि राणीच्या गोळ्या

धायरी, पुणे

प्रिय आईस श्रद्धाचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. माकडांमध्ये काम करून काही होत नाही ना, असं तू फोनवर विचारलंस, म्हणून सगळं नीट लिहिते.

गेल्या महिन्यात आमच्या प्राणी केंद्रात राणी नावाची माकडीण आली. कोंडीरामकाका नावाचे म्हातारे मदारी तिचे खेळ करायचे. खेळांना बंदी असल्याने वनखात्याने तिला इथे आणलं. तिच्या विष्ठेत जंतांची अंडी सापडली, म्हणून तिला गोळ्या सुरू केल्या. हे जंत माणसालाही होतात. अकरा वर्षं ती काकांच्या ताटात जेवली, म्हणून मी त्यांना तपासून घ्यायला सांगितलं.

ते चिडले. "पोरीवानी हाय ती. तिच्यापासून मला काय व्हायचंय?"

"काका, तुमच्यापासून तिला पुन्हा होईल," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात गेले. त्यांनाही जंत निघाले, आणि त्यांच्याही गोळ्या सुरू झाल्या.

माझ्याही तपासणीत थोडं निघालं. गोळ्या घेतल्या, आता काही नाही. वजन जरा उतरलंय, एवढंच. घाबरू नकोस आणि दादाला सांगू नकोस. काही जंत पायांतूनही शिरतात, तू गोठ्यात अनवाणी जात नाहीस ना? गुडघा कसा आहे?

काल काका राणीला भेटायला आले. तिने जाळीतून हात बाहेर काढला. काकांनी हात पुढे केला, पण लगेच मागे घेतला.

"आधी आमच्या दोघांच्या गोळ्या संपू द्या," असं मला म्हणाले, आणि तासभर दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याशी बोलत उभे राहिले.

तुझीच,
श्रद्धा