बुडव्यांची विहीर

ता. १० फेब्रुवारी २०२५
वाडी, चांदवडच्या अलीकडे

लाडक्या हर्षालीला आजीचा प्रभूत सलाम.

काल सगळ्यांत आधी शेजारची लताबाई आली. पाहुण्यांची गाडी हायवेवरून वळलीही नव्हती, तोवर ही ओट्यावर हजर. म्हणाली, "शेवंताबाई, तुझा फोटो छापणार हायेत म्हणं. दात लावून बस." बसले बाई दात लावून.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. रांगडा कांदा काढायला आलाय, तुझा बाप निवृत्ती दिवसभर शेतात असतो. रात्री फोनवर बोलायला गेलं की कान टवकारून बसतो, म्हणून लिहिते. चौथीची अक्षरं आहेत, सांभाळून घे. चिठ्ठी लताबाईचा जावई देईल, त्याचा टेम्पो नाशकात तुझ्या द्वारका चौकावरूनच जातो.

तर काल उपासना झाली आणि नाशिकहून श्यामलाबाई आल्या, सोबत त्यांचे मिस्टर. आपल्या मंडळीला शंभर वर्षं झाली, त्याचं पुस्तक करतायत. बाई गोड आहेत. माझ्या हातचं पिठलं दोनदा मागून घेतलं. आपले सोमनाथ पास्टर कपाटातली बाप्तिस्म्यांच्या नोंदींची जुनी वही घेऊन आले आणि श्यामलाबाईंनी आपलं लिहिलेलं वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य, 'पहिला बाप्तिस्मा पुंजा यांचा झाला.'

मी म्हणलं, थांबा. पुंजा माझा आजा. पण आधी पाण्यात उतरली ती माझी आजी, सगुणाबाई. आजा तेव्हा काठावर पायताण सोडत होता. त्याची गाठ सुटेना आणि तिला धीर धरवेना. आजा स्वतः हसत सांगायचा. बाईंनी खोडून नीट लिहिलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

मग विहिरीची गोष्ट निघाली. तुला माहितीच आहे, तरी लिहिते, मला लिहायला बरं वाटतं. गावच्या बारवेवर आपल्या लोकांना पाय ठेवू देत नव्हते. पाद्रीसाहेब म्हणाले, चला, नदीवर नेऊन बाप्तिस्मा देतो. आजा म्हणाला, नाय, इथंच घेणार. त्यांनी पाणी दिलं नाही, तर आपल्या माणसांनी पाणीच खणून काढलं. दोन वर्षं पहार चालली. निघालेल्या दगडांचं देऊळ बांधलं. म्हणजे जेवढी विहीर खाली, तेवढं देऊळ वर. गाव आपल्याला धर्मबुडवे म्हणायचं, पुढं नुसतंच बुडवे. "बुडव्यांच्या विहिरीवर जाऊ नका रे." श्यामलाबाई म्हणाल्या, हा शब्द गाळते, वाईट दिसतो. मी म्हणलं, अजिबात गाळायचा नाही. आम्ही बुडालोच आहोत की. डोक्यापासून पायापर्यंत. शिवी त्यांनी दिली, ठेवून आम्ही घेतली.

इथवर सगळं छान चाललं होतं. लताबाई तर माझ्या शेजारी अशी बसली होती, जशी विहीर तिनंच खणली.

मग बाईंनी विचारलं, "आजी, आणखी काही चुकलंय का?" आणि वहीतलं पान पुढं केलं. 'शेवंता, वय पंधरा. विहिरीत बाप्तिस्मा.' साल चौसष्ट. माझ्याआधीचे सगळे गेले, आता हयात असलेली सर्वांत जुनी मीच. म्हणून पहिल्या पानावर माझा फोटो, आणि शाल.

तुला आठवतं, झुंबरआजी मला कायम "कोरडे" म्हणायची? "कोरडे, मीठ दे." "कोरडे, सरक तिकडं." तुम्हाला वाटायचं मी वाळकी म्हणून. आणि तू लहानपणी विचारायचीस, आजी, रविवारी चिमण्यांना एवढासाच तुकडा का टाकतेस? मी सांगायचे, त्यांचं पोट केवढं असतं गं.

तो प्रभूभोजनाचा तुकडा असायचा. साठ वर्षं मंडळीसाठी ती भाकर मी भाजली, पण माझा घास तोंडात नाही घातला. पदरात बांधून घरी आणला. बाप्तिस्मा न घेतलेल्यानं तो खायचा नसतो.

सगळ्यांना सांगितलं ते असं, की मला विहिरीत विरोळा दिसला. दिसला होताही. पण पाणसापाला कोण भितं? हर्षाली, त्या पावसाळ्यात आमची आई गेली होती. पायऱ्यांवर उभं करून पाद्रीसाहेब विचारतात, "तुझा विश्वास आहे का?" आणि आपल्या तोंडानं हो म्हणायचं असतं. ज्यानं आईला नेलं त्याला मी हो कशी म्हणू? माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी साड्या बदलायच्या कनातीमागं जाऊन बसले.

झुंबर माझी बहीण, दोन वर्षांनी मोठी. तिचा बाप्तिस्मा झाला, निथळत कनातीत आली, मला बघितलं. माझी पांढरी साडी नेसली, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पुन्हा खाली गेली. पाद्रीसाहेब वर्षातून एकदा यायचे, त्यांना काय चेहरे ठाऊक. एवढंच म्हणाले, केस आधीच ओले कसे? ही बया म्हणाली, "थंडी वाजू नये म्हणून आधीच भिजवून आणले." आणि माझ्या नावानं हो म्हणून बुडाली. बापाची मान खाली जाऊ नये म्हणून.

तुझ्या आजोबांनाही हे सांगितलं नाही. नाताळाआधी झुंबर गेली, तेव्हा शेवटी हात धरून म्हणाली, "कोरडे, तुझा एक माझ्याकडं पडून हाये. घेऊन जा."

आता हे ठाऊक असलेली मी एकटी. गप्प बसले असते तर शाल मिळाली असती.

मी सांगून टाकलं. "चुकलंय. वहीतली शेवंता मी नाही. ती झुंबर आहे, दुसऱ्यांदा."

लताबाईनं बशीतला चहा स्वतःच्याच पदरावर ओतला. तेवढ्यानंच माझे पैसे वसूल झाले. निवृत्ती म्हणाला, आई, लोक काय म्हणतील. पास्टर बिचारे चांगले, म्हणाले, आजी, वहीत आहे ते राहू द्या. वय बघा, गुडघे बघा. देवाला सगळं कळतं.

मी म्हणलं, "पास्टरसाहेब, दर वर्षी तुम्हीच पोरांना शिकवता, आईबापाच्या विश्वासावर कुणी तरत नाही. मग मी बहिणीच्या कशी तरू?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, असं असेल तर प्लास्टिकची टाकी आणतो, पाणी कोमट करून घालू. मी म्हणलं, भाजी धुवायची आहे का? आजीची विहीर आहे, एकोणीस पायऱ्या आहेत, मी मोजून उतरीन. तुम्हाला थंडी वाजत असेल तर काठावरून विचारा, मी आतून सांगते.

हसले. आणि हो म्हणाले.

आईचं मी देवाला माफ केलं की त्यानं मला, ते मला कळत नाही. भाकऱ्या भाजता भाजता कधीतरी तोंडातला अडकलेला शब्द सुटला, एवढं खरं. तो मला मोठ्यानं म्हणायचा आहे, माझ्या आवाजात, लताबाईला ऐकू जाईल असा.

निवृत्ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल. त्याला भूक लागते.

तू ये. पांढरी साडी आण, सुती, साधी, जरीची नको. झुंबर त्या दिवशी माझी नेसून भिजली, ती मला परत कधी मिळाली नाही. चिमण्यांना त्या दिवशी तांदूळ टाकू, तुकडा माझा मला लागेल.

श्यामलाबाईंनी ते पान कोरं ठेवलंय. शब्द देऊन गेल्यात, परत येणार रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी नऊला.

आणखी तेरा दिवस कोरडी,
तुझी आजी
शेवंता