कालव्याची ओटी आणि गंगेची चादर

दिल्ली छावणी,
मार्गशीर्षातला गुरुवार (तारीख रिंकूला विचारली, तर म्हणाली, "आजी, कुछ भी लिख दो")

तीर्थरूप कुसुमअक्काच्या पायांवर धाकट्या ठकूनं डोकं ठेवलंय असं समज.

आम्ही खुशाल आहोत. तिकडे तू, तुझे गुडघे आणि तुझी सून, तिघांचं आपसात कसं चाललंय ते कळव. इकडे थंडी अशी की माझा उदय सुभेदार असून अंघोळीचं नाव काढलं की गप्प होतो. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेच ओरडतेस आणि पत्रावर ओरडून काही उपयोग नसतो. तर आधी मुख्य सांगते. तुझा नातू अमोल कलेक्टरीची लेखी परीक्षा पास झाला तर गंगेची ओटी भरीन, असा तू नवस बोलली होतीस. ती ओटी मी माझ्या हातानं भरली. दोनदा भरली. पोराची तोंडी परीक्षा अजून व्हायचीय, तेव्हा नवसात खोट राहिली तर तुला घास जाणार नाही हे मी जाणते. म्हणून दोनदा का, ते खरंखरं लिहिते. आधी पाणी पी.

गढमुक्तेश्वर म्हणून गंगेकाठचं गाव आहे. शहर म्हणावं तर म्हशी रस्त्याच्या मधोमध, खेडं म्हणावं तर गाड्यांची रांग हलत नाही. तिकडे निघालो. उदय गाडी चालवायला, त्याच्या शेजारी तुझा अमोल, मागे मी नि उदयची रिंकू. (सून वैभवी आली नाही. म्हणाली, "आई, तुम्ही जाऊन या, मी एक दिवस शांतता बघते." बघू दे बापडी.) मांडीवर तुझं पार्सल: तो धारवाडी खण, परसातल्या माडाचा नारळ, तांदूळ, हळदकुंकू. बाहेर दाट धुकं, माझा डोळा लागला. जाग आली ती गाडी थांबली म्हणून, आणि समोर बघते तर हे एवढं पाणी! हिरवंगार, जोरात धावणारं. कडेला देऊळ, पायऱ्या, एक बाई दिवा सोडतेय. आता मला सांग, हिला गंगा नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? उदय चहा आणायला गेलेला, गाडी थांबली की पुरुष जिकडे जातात तिकडे अमोल गेलेला, रिंकूचं डोकं मोबाइलमध्ये. म्हटलं, ह्यांना कशाला त्रास? मी पायऱ्या उतरले, हळदकुंकू वाहिलं, तुझं नाव घेतलं, अमोलचं घेतलं, आणि ओटी सोडली. खण असा सुसाट निघाला, जणू माहेरची गाडी चुकायची होती.

मी डोळे पुसत वर येते तर रिंकू ओरडतेय, "आजी, ये क्या किया? ही गंगा नाहीये, नहर आहे! गंगा अजून बहुत दूर आहे!"

मागून उदय चहाचे पेले घेऊन आला नि म्हणाला, "आई, हा कालवा आहे. पाटबंधाऱ्याचा."

अक्का, तुझ्या नवसाची ओटी पाटबंधारे खात्याच्या पदरात! मी तिथेच बसकण मारली. अमोल धीर द्यायला आला, पण त्याला आता सरळ बोलताच येत नाही गं, सगळं परीक्षेच्या पेपरासारखं. म्हणाला, "आजी, एका बाजूनं पाहिलं तर ही गंगाच, कारण पाणी हरिद्वारहूनच येतं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर ही मानवनिर्मित रचना आहे. समतोल विचार करता..." रिंकू म्हणाली, "भैया, इथे मार्क्स नाही मिळणार, साफ बोलो!" मग मीच निकाल दिला. कालवा म्हणजे गंगेची लेक. लेकीची ओटी भरली म्हणून कुठली आई रुसलीय? सगळे हो म्हणाले. पण गाडीत बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तुझं तोंड आलं, आणि ते काही हो म्हणेना.

मग वाटेत पिलखुवा नावाचं गाव लागलं, तिथे खण शोधला. ते गाव चादरींचं. दुकानदाराला खण म्हणजे काय ते समजेना, मी हातानं चोळीचं माप दाखवलं तर त्यानं उशीचा अभ्रा काढला. शेवटी गुलाबी फुलांची चादर घेतली. (म्हटलं, गंगामाईचं अंग मोठं, तिला वीतभर खण पुरणारही नाही.) नारळ घाटावर मिळाला, लाल ओढणीत गुंडाळलेला, हलवून पाहिला तर आत पाणी होतं.

आणि मग गंगा आली, अक्का. काय सांगू! ती धावत नाही, तिला कसली घाईच नाही. धुकं उठलेलं, पाणी चांदीसारखं, वाळूवर कासवं ऊन खात पडलेली, एकावर एक, लग्नघरात पाहुणे झोपावेत तशी. पलीकडे केशरी बदकांची जोडपी. आम्ही नाव केली. मी चादर सोडायला वाकले तर नाववाला म्हणाला, "अम्मा, कपडा मत डालो, मैया का दम घुटता है. पानी छुआकर किसी सुहागन को दे दो." मग चादर पाण्याला लावून परत आलो. काठावर त्याची बायको थंडीत कुडकुडत शेंगा भाजत होती, तिलाच, पाट नव्हता म्हणून वेताच्या मुढ्यावर बसवून, ओटी भरली. ती लाजली, हसली आणि तिथल्या तिथे चादर अंगावर लपेटून घेतली. बरोबर तेव्हाच पाण्यातून काळं काहीतरी फुस्स करून वर आलं नि गेलं. मला वाटलं रेडकू. नाववाला ओरडला, "सूंस! सूंस!" गंगेतला डॉल्फिन तो, आंधळा असतो म्हणे. गंगेचं वाहन म्हणतात त्याला. अमोलनं समतोल विचार न करता नाचायला सुरुवात केली! तेव्हा नवस पोचला, ह्यात शंका नको.

घरच्या सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
ठकू

ता. क. घाटावरचा पुजारी म्हणाला की जो नवस बोलला त्याला एकदा स्वतः येऊन गंगेला हात जोडावे लागतात, त्याशिवाय तो पुरता फिटत नाही. अमोलच्या तोंडी परीक्षेच्या आत ये. उदय तिकीट काढतो.

आणखी एक. उदयनं पत्र वाचलं आणि वरचं खोडायला सांगतोय. पुजारी त्या वेळी जेवायला गेला होता, असं काही कुणी म्हणालं नाही. पण मी खोडत नाही. ते सूंस वर आलं तेव्हा मी "अगं अक्का, बघ बघ" म्हणून शेजारी हात मारला, तो अमोलच्या चहाला लागला. चहा सांडला. ये.