मामाच्या ॲम्प्लिफायरची पाठ

दि. २ फेब्रुवारी

ती. मामास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तब्येत कशी आहे? मामीचा गुडघा काय म्हणतो? फोनवर विचारलं तर तुला ऐकू येत नाही आणि तू हो हो म्हणून मोकळा होतोस. म्हणून कागदच हातात घेतला.

माझी इथे झोप उडाली आहे. तू चाळीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या हॉलसाठी हाताने बांधलेल्या ॲम्प्लिफायरवर मी अजून रोज ज्येष्ठांची कवायत घेते. पण कॅसेटी पार घासून गेल्या. लेकीने सगळं संगीत एका हार्ड डिस्कवर भरून दिलं. डिस्क एका छोट्या प्लेअरला लावायची आणि प्लेअर वायरने तुझ्या ॲम्प्लिफायरला, इतकं सोपं असं ती म्हणाली. प्लेअरला हेडफोन लावला तर आवाज स्वच्छ. ॲम्प्लिफायरच्या मागे, टेप असं तुझं लेबल असलेल्या सॉकेटांत वायर घातली, तर नुसती फाटकी घरघर!

बावीस तारखेला वार्षिक कार्यक्रम आहे. तोवर वाजला नाही तर हे धूड भंगारात, असं मंडळाच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी बॅटरीवरचा एक स्पीकर आणलाय, त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. मामा, तुझं मशीन हातगाडीवरून गेलेलं मला बघवणार नाही. काय करू ते लगेच लिही.

माया आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.
तुझी बेबी

दि. ६ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रोग मी पत्रावरूनच ओळखला. रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज फार बारीक असतो, म्हणून रेकॉर्डच्या सॉकेटामागे मी तो वाढवणारं एक वेगळं सर्किट ठेवलं आहे. तुझ्या प्लेअरचा आवाज आधीच दणदणीत. तो तिथे घातलास तर फाटणारच. तू वायर रेकॉर्डमध्ये घातली आहेस आणि वर मशीनला नावं ठेवतेस. नाचता येईना अंगण वाकडं! चष्मा लाव आणि टेपमध्ये घाल.

मामी म्हणते जास्त रागावू नका. रागावलेलो नाही.
तुझा मामा

दि. १० फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न.

चष्मा लावला. पुसून लावला. लेकीकडूनही वाचून घेतलं. वायर टेपमध्येच आहे आणि घरघरही तशीच आहे. रेकॉर्ड लिहिलेल्या त्या दुसऱ्या सॉकेटांत घालून बघावी म्हटलं, तर ती इतकी ढिली की पिन घालताच गोल फिरतात. मी साठीला आले तरी अजून दुसरीतल्या मुलीसारखं झापतोस, याचं मला फार वाईट वाटलं.

मग प्लग काढला, अर्धा दिवस थांबले आणि झाकण उघडलं. आतलं चित्र काढून पाठवतेय. टेपच्या सॉकेटापासून निघालेली हिरवी वायर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डबीत जाते. ती डबी कसली, ते आता तूच सांग. दिवस बाराच उरलेत.

रागातही तुझीच,
बेबी

दि. १४ फेब्रुवारी

चि. बेबीस आशीर्वाद, आणि हे पत्र नाक मुठीत धरून.

तुझं चित्र बघितलं आणि घामच फुटला. ती डबी म्हणजेच रेकॉर्डचं सर्किट. एका वर्षी रोज रेकॉर्डी लावून लावून रेकॉर्डची सॉकेटं ढिली झाली होती. कार्यक्रम तासावर आलेला. मी आतल्या वायरींची अदलाबदल करून डबी टेपच्या सॉकेटांना जोडली आणि लेबलं उद्या बदलू म्हटलं. मशीन मीच चालवायचो, मला लेबलं लागतात कशाला? तो उद्या काही उगवला नाही. तुझा कॅसेट प्लेअर मी आतूनच जोडून दिला होता, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करत जन्म गेला आणि माझ्याच मशीनवर मी खोटं लिहून ठेवलं. मामी पोट धरून हसतेय.

चूक सगळी माझी. रेकॉर्ड लिहिलेल्या सॉकेटांचे नट बाहेरून पक्कडीने आवळ. जोर लावू नकोस. मग वायर तिथे घाल. ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी हळू ठेव, प्लेअरचा पाऊण, आणि मग ॲम्प्लिफायर वाढवत जा.

धाकधूक लागली आहे. निकाल कळव.
तुझा ओशाळलेला मामा

दि. २२ फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

वाजला! मामा, असा वाजला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या! सोळा तारखेला नट आवळले तेव्हाच घरघर गेली होती, पण दृष्ट लागेल म्हणून तुला कळवलं नाही. आज हॉल खच्चून भरला होता. आधी सेक्रेटरींनी त्यांचा स्पीकर लावला. मागून लोक ओरडू लागले, काही ऐकू येत नाही. मग मी तुझं बटण फिरवलं. शेवटच्या रांगेत एक आजी असतात, त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या हात नेहमी सगळ्यांनंतर वर करतात. आज पहिल्या ठोक्याला त्यांचे हात वर! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरींनी मशीनवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि हे कुणी बांधलं म्हणून विचारलं. मी तुझं नाव इतक्या मोठ्याने सांगितलं की त्याला ॲम्प्लिफायर लागला नाही. आता भंगाराचं नाव कुणी काढत नाही.

नमस्कार दोघांना, आज जरा जास्तच वाकून.
बेबी

दि. २६ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. कान गेले तसं मी स्वतःलाच भंगारात काढलं होतं, हे तुला कधी बोललो नाही. दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हत्यारांची पेटी उघडली नव्हती. काल उघडली.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येतोय. लेबलं मी स्वतः बदलणार, तू हात लावायचा नाहीस. बुधवारी कवायतीलाही येईन. मला शेवटच्या रांगेत उभं कर. हात कधी वर करायचे, ते त्या आजींकडे बघून मला कळेल.

तुझा मामा