दोन मडक्यांतली चवळी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेकीने माहेरचं बी न्यायचं, ही आपली रीत. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर गुरांच्या वैरणीसाठी पेरायला तुम्ही मला चवळी दिलीत. चुलीमागे दोन मडकी होती, दोन्हींत राख लावलेलं बी. मी पुढच्या मडक्यात हात घातला तशी तुम्ही खेकसलात, "त्यातली नको गो, ती तुझ्या भावाला हाय. मागल्यातली घे. गुरांनाच घालायची हाय ना?" मागल्या मडक्यातलं बी विहिरीजवळच्या वाफ्यातलं. तिथली पानं चट्टे पडून आकसली होती, ते मी पाहिलं होतं आणि तुम्हीही. पण दाणे टपोरे दिसत होते. मी गुमान पदरात बांधून घेतले.

पोलादपूरच्या डोंगरातल्या माझ्या सासरी महिन्याभरात तशीच पिवळी-हिरवी, मुडपलेली पानं. मग माव्याची कीड पडली आणि शेजारी दिरांच्या शेतातही तेच. सासूबाई खळ्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण नाय. ह्यापुढं बियाला हात लावायचा नाय." त्यानंतर मी लावणी केली, कापणी केली, मुलं वाढवली, पण पेरणीच्या दिवशी मला घरात बसवत. बायका शेतावर जाताना माझ्याकडे बघतही नसत. सासूबाई गेल्या तेव्हा कुठे बियाचं मडकं माझ्या हाती आलं.

गेल्या वर्षी महाडला शेतकऱ्यांच्या बैठकीत एका बाईंनी सांगितलं, की चवळीची पानं मुडपणारा हा रोग विषाणूचा, तो बियाच्या पोटातूनच येतो. दाणा चांगला दिसतो, राख लावून काही होत नाही. रोगट झाडाची चवळी खा, पेरू मात्र नका. मला तिथेच रडू आलं. तुम्हाला विषाणू ठाऊक नव्हता, कबूल. पण चांगलं मडकं कुठलं ते ठाऊक होतं, बाबा.

आता माझ्याकडेही दोन मडकी आहेत, एक पेरणीचं, एक उसळीचं. या दिवाळीला माझी लेक पहिल्यांदा माहेरी आली आणि तिने बी मागितलं. पेरणीचं यंदा थोडंच निघालंय, मुलाचं शेत पेरायचं बाकी होतं. तरी मी तिला त्यातलंच दिलं.

हे पत्र कुठे पाठवणार, चुलीतच जाईल. म्हणून सांगते. माझा हात आधी उसळीच्या मडक्यात गेला होता. "गुरांनाच घालायची हाय ना?" असं मी विचारलंसुद्धा. ती "हो" म्हणाली आणि मुकाट्याने पदर पसरला, तेव्हा कुठे मी हात बाहेर काढला.