तिसऱ्या बुटाची कड

६ जानेवारी

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र का, असं विचारू नकोस. आपला फोन गॅरेजच्या काउंटरवर आणि दादाचा कान त्याच्याहून जवळ. तुझ्याशी दोन वाक्यं बोलायची तर आधी दादाचं भाषण ऐकायचं आणि मग मागून अप्पांचा खोकला.

खोली बरी आहे. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते, पण उघडते तरी. कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या आमच्या कार्यालयात मी आता रुळले. लोक येऊन आपल्यावर झालेला अन्याय उलटसुलट सांगतात आणि मी तो नीट वाक्यांत मांडून अर्ज करून देते. काल एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना अशाच अर्जामुळे काम परत मिळालं. खरं ते कागदावर नीट मांडलं की लोकांना ऐकावंच लागतं, असं मला आता ठाम वाटतं. हसू नकोस.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी सांगितलं की माझी ताई मोटरसायकलींना बूट बसवते, तर त्या म्हणाल्या, मोटरसायकल चालते तरी कुठे पायांवर? मला काही धड समजावता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर!

दातांच्या डॉक्टरांची ती चार सिलिंडरची जुनी गाडी कुठवर आली? जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाआधी ती चालू झाली तर गॅरेजच्या नव्या पाटीवर तुझं नाव घालीन, असं अप्पा सर्वांसमोर म्हणाले होते. मी साक्षीदार आहे.

आपल्या लोभाला ग्रीस लावावं लागत नाही, तरी पत्राचं उत्तर धाड.

तुझी,
बारकी


१९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाईंना असं सांग. इंजिनाला हवा लागते. ती एअरबॉक्समधून, म्हणजे फिल्टर बसवलेल्या डब्यातून, कार्बोरेटरकडे जाते. या दोघांमध्ये रबराची जाड नळकांडी असतात, ते बूट. डॉक्टरांच्या गाडीला चार. जुने आकसून लाकडासारखे झाले होते, म्हणून त्यांनी नवे मागवले.

नवेही सहज बसत नाहीत. गरम पाण्यात मऊ करायचे, साबणाचं पाणी लावून डब्याच्या भोकांत बसवायचे, डबा मागे सरकवून कार्बोरेटर लावायचे आणि मग डबा पुढे आणत चारही तोंडं एकदम चढवायची. चार पोरांना एका वेळी अंघोळ घालण्यासारखं आहे. एकाला धरावं तर दुसरं निसटतं. एवढं करून बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आतली कड दुमडली असेल तर धूळ फिल्टर चुकवून सरळ इंजिनात जाते, हवाही जास्त शिरते, आणि एक दिवस तापून सगळं जाम. म्हणून फिल्टर काढून डब्यात हात घालायचा आणि कड बोटानं फिरवत सपाट करायची. हत्यार लावायचं नाही, रबर चिरतं. दादाचा हात मनगटाशी अडकतो. अप्पांची बोटं आता वाकत नाहीत. तुझं नाव बारकी आणि पंजा पैलवानाचा, तेव्हा तुझाही उपयोग नाही. राहिले मी.

परवा डॉक्टर आले तेव्हा मी डब्यात हात घालून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी काय चाललंय विचारलं, तर दादानं सांगून टाकलं की ती जरा पुसून घेतेय. डॉक्टर ते ऐकून निघून गेले. पण काल येताना दाढेमागचं बघायचा तो लांब दांड्याचा इवला आरसा माझ्यासाठी घेऊन आले. म्हणाले, डोळे उघडे ठेवून काम होईल. त्यात चारही कडा बघितल्या. गोल, सपाट, एक सुरकुती नाही. नव्या घराचे उंबरठे बघावेत तशी मी त्या बघत बसले.

गाडी संध्याकाळी चालू झाली. अप्पा म्हणाले, पाटीवाल्याला बोलावू.

वेळेवर जेव. खुशाली कळवत राहा, नाहीतर दादाला फोनवर बसवीन.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादानं मोठ्या हौसेनं प्रदर्शनाचं कात्रण पाठवलं. पहिलं बक्षीस! मी खोलीत एकटीच नाचले. मग फोटो नीट बघितला. मधे गाडी, एकीकडे अप्पा, दुसरीकडे दादा, त्याचा हात टाकीवर, आणि खाली छापलंय की पितापुत्रांच्या हातांची ही जादू. त्या हातांपैकी एकही डब्यात जात नाही, हे छापणाऱ्याला कुणी सांगितलं नाही? तू कुठे होतीस? फोटोच्या काठावर एका ओढणीचं टोक दिसतंय, ती तुझी हिरवी ओढणी ना?

तू म्हणशील, एवढंसं काय. ताई, माझ्या टेबलासमोर रोज जे येतात त्यांचंही सगळं एवढ्याशानंच सुरू झालेलं असतं. पाटीचं काय झालं? अप्पा विसरले असतील तर आठवण दे, आणि तुझ्यानं होत नसेल तर मला सांग.

रागावले असले तरी तुझ्यावर नाही. तुझी माया राहू दे.

बारकी


३ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

ओढणी माझीच. मला सावलीत उभी राहा म्हणाले, तिथे सावली नव्हती.

आता वाईट बातमी. डॉक्टरांची गाडी भर रस्त्यात जाम झाली. टेम्पोत घालून आणली. पिस्टन सिलिंडरला चिकटलेत. डॉक्टरांचा चेहरा एखाद्याचं माणूस गेल्यासारखा झाला होता. त्यांनी विचारलं, ते बूट बसवले कुणी? अप्पांनी सांगितलं, मुलीनं. बारके, गिऱ्हाइकासमोर माझं काम माझं म्हणून सांगितलं ते अप्पांनी जन्मात पहिल्यांदा.

सगळे गेल्यावर मी आरसा घातला. तिसऱ्या बुटाची कड आत दुमडलेली, आणि दुमडीवर पेचकसाची चीर. प्रदर्शनानंतर दादानं कार्बोरेटर काढून चमकवले होते आणि मला न सांगता परत चढवले होते. मी अप्पांना ती चीर दाखवली. त्यांनी आरसा बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले की तू उद्या लग्न होऊन जाशील, तुझं नाव वाईट झालं तर कुणाचं अडत नाही, गॅरेज त्याला चालवायचंय. दादा तिथेच होता. बोल्ट मोजायला लागला.

मी फिल्टर परत लावून टाकला. तेव्हापासून डबा कुणाला उघडू दिलेला नाही, जसा आहे तसा ठेवलाय. तू उडी मारू नकोस. मी बघते आहे.

इथली काळजी तिकडे नेऊ नकोस. आशीर्वाद आहेतच.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाई विचारेपर्यंत मी रडतेय हे मला कळलं नव्हतं.

तुझं ते 'मी बघते आहे' मला चांगलं ओळखीचं आहे. अप्पा मला कॉलेजला नाही म्हणाले तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस, आणि बघता बघता स्वतःचं शिकणं सोडून गॅरेजात उभी राहिलीस. या वेळी मी तुला गप्प बसून सोसू देणार नाही.

म्हणून मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. टाईप करून, सहीनिशी. बूट पहिल्यांदा कुणी बसवले, नंतर कुणी काढले, चीर कशाची, आणि अप्पा तुला काय म्हणाले तेही, त्यांच्याच शब्दांत. एकही शब्द पदरचा घातला नाही, रागाचं विशेषणसुद्धा वापरलं नाही. आमचे साहेब म्हणाले, असा मसुदा त्यांनी वर्षात बघितला नाही. काल सकाळी टपालात टाकलं.

आता तुला काही करावं लागणार नाही. डॉक्टर समंजस आहेत, त्यांनी तुला आरसा दिला होता. थोडा आरडाओरडा होईल, मग पाटी लागेल. मला मनापासून हलकं वाटतंय.

लवकर लिही, मी वाट बघते. तुझी माया कायम राहील याची खात्री आहे.

बारकी


२० मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

डॉक्टर शनिवारी आले. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, अप्पांच्या वाक्यासकट. भाषा फार स्वच्छ आहे म्हणाले. दादा बाहेर निघून गेला. अप्पांना कुणीतरी स्टूल दिलं. डॉक्टरांनी माझी माफी मागितली, हात जोडून. आणि मग टेम्पो बोलावला. मुलाची चूक बाप मुलीच्या माथी मारतो तिथे गाडी ठेवायला मन होत नाही, असं म्हणाले. त्यात खोटं काय होतं?

मी त्यांना त्यानंतरच्या सोमवारी बोलावलं होतं. फिल्टर काढून, दिवा लावून, आरसा त्यांच्याच हातात देणार होते. कुणाचं नाव घेणार नव्हते. चीर त्यांनाच दिसली असती, आणि दादाच्या खिशातला पेचकसही. मग त्यांनी विचारलं असतं, आता हे परत कोण बसवणार? अप्पांना माझ्यासमोर, डॉक्टरांसमोर, उत्तर द्यावं लागलं असतं. इंजिन पूर्ण उघडायचं म्हणजे पावसाळ्यापर्यंतचं काम होतं. तेवढ्या वेळात मी पाटी मिळवली असती. तुझं कॉलेज मिळवलं होतं तसंच. तेव्हा मी सोसत नव्हते, बारके. बघत होते.

टेम्पोला दोर बांधून झाल्यावर डॉक्टर परत आत आले आणि अवघडून म्हणाले, तो आरसा दवाखान्यातला आहे. मी पुसून दिला.

अप्पा ओरडले नाहीत. घरातलं बाहेर गेलं, एवढंच म्हणाले. मी आता काउंटरवर बसते, फोन घेते. त्यामुळे तुला आता फोन करता येईल, माझा कान जवळ आहे. आपल्याकडे हल्ली स्कूटरी येतात. त्यांना कुणाचाही हात पुरतो. पाटी बुधवारी लागली. दादाचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, रंग चांगला दिलाय.

तुझं पत्र डॉक्टर काउंटरवर विसरून गेले. मी ते दोनदा वाचलं. चूक शोधत होते. एकही नाही.

पुढे कधी माझ्याबद्दल कुणाला लिहावंसं वाटलं, तर आधी मला लिही.

ताई