पहिला घास तुझा

माय, तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे पत्र आलं असतं तर ते काकूला वाचून दाखवावं लागलं असतं, घरात वाचता येणारी दुसरी बाई तीच, आणि तू काकूशी मरेपर्यंत बोलली नाहीस. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की वाचून दाखवायचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा लिहिते.

मी काय काम करते ते आधी सांगते, कारण तू 'मन्ही पोर मास्तरीन शे' असंच गावभर सांगायचीस आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. मी मास्तरीण नाही. जळगाव आणि धुळ्याच्या खेड्यांमध्ये फौजेतून घरी आलेल्या लोकांसाठी मानसिक आरोग्याचा एक कार्यक्रम चालतो, त्याची मी समन्वयक आहे. म्हणजे जीप, डॉक्टर, गोळ्या आणि ग्रामपंचायतीच्या हॉलची किल्ली या चार गोष्टी एका दिवशी एका ठिकाणी आणायच्या. डॉक्टर एका गावाला महिन्यातून एकदा येतात, गुरुवारी. बॅनरवर आम्ही 'माजी सैनिक आरोग्य शिबिर' एवढंच लिहितो, कारण 'मानसिक' लिहिलं तर कुणी फिरकणार नाही. तसेही फौजी फारसे येत नाहीत. त्यांच्या बायका येतात, बीपी मोजून घेतात, आणि सगळ्या उठून गेल्या की एखादी मागे राहते आणि पदर चाळवत बसते. ती बसली की मला कळतं. मी तुझ्या घरात वाढले, मला कळणारच.

चाळीसगावजवळच्या एका गावात पावसाळ्यानंतर अशीच एक मागे राहिली. नवरा फौजेत नाईक होता, आता गावातच एका कापसाच्या गोदामावर पहारा करतो. त्याला वाटतं, भिंतीच्या पलीकडून कोणीतरी ऐकतंय. खिडक्यांना त्यानं आतून पत्रे ठोकलेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "ताई, त्या गोया खातस नई, फेकी देतस. मी वाटीसन दायमा टाकी देस. आते चांगलं शे." मी तिला आमचा नियम सांगितला, की माणसाला न सांगता त्याच्या डाळीत गोळी वाटून घालायची नाही. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझा मोकळा गळा पाहिला, आणि म्हणाली, "तुमले घर ना दार, तुमले काय समजी?" हॉलच्या दाराशी आमचा ड्रायव्हर उभा होता. त्यानं ऐकलं आणि नजर वळवली. पुढच्या महिन्यात तिचा नवरा शिबिराला आला, माझ्यासमोर एकटा बसला, आणि त्यानं विचारलं म्हणून मी त्याला सांगितलं. रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे : 'रुग्णाने विचारणा केल्यामुळे औषधाबाबत माहिती देण्यात आली.' तो चिडला नाही. ताठ उभा राहिला, म्हणाला, "बरं झालं सांगितलं मॅडम. मला वाटतच होतं."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, माय. आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

तेव्हा मी दहा वर्षांची आहे. नाना फौजेतून येऊन दोन-तीन वर्षं झालीत, धरणगावला कापसाच्या जिनिंग मिलवर वॉचमन आहेत. घरी आले की आधी माळ्यावर चढून बघतात, मग माठ ओतून देतात, मग तुला कोपऱ्यात उभं करून विचारतात की दुपारी कोण आलं होतं. कोणीच आलेलं नसतं. तरी तू सांगत नाहीस म्हणून मारतात, आणि एकदा खोटंच सांगितलंस तर त्यासाठी मारलं. मग तू धुळ्याच्या मावशीकडे, ती तिथल्या दवाखान्यात आया होती, जाऊन आलीस आणि काही दिवसांत नाना निवळले. संध्याकाळी ओट्यावर बसायला लागले. मला पाढे विचारायला लागले. त्याच दिवसांत आपल्या घरची भाजी अशी जहाल तिखट झाली की पातोड्यांच्या रश्श्यात नुसती भाकरी बुडवली तरी माझे डोळे भरून यायचे. गोळी कडू असते आणि तिखटाखाली कडू लपतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तू लाटण्यानं कागदावर काहीतरी पांढरं भरडतेस आणि ते नानांच्या वाटीत ढवळतेस, हे मी पाहिलं होतं. पाहिलंय हे तुलाही कळलं होतं. "तोंड उघडू नको," एवढंच तू म्हणालीस.

त्या दिवशी काकूकडे तिच्या माहेरची माणसं आली होती आणि जेवायला आपल्याकडे बसली होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले की आमची माय भाजीत मिरचीच घालते, भाजी घालतच नाही. लोक हसले. तू हसलीस. मग मला आत बोलावलंस आणि तापलेलं उलथनं मनगटावर टेकवलंस. ओठ घट्ट मिटून, मोजून, जितकं टेकवायचं तितकंच. वळ अजून आहे. घड्याळाचा पट्टा मी त्यावरच बांधते. संध्याकाळी नाना कामावरून आले, पाहुणे गेले होते, तू विहिरीवर होतीस. त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले होते. "माले वाटतच व्हतं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आज मी हे काम करते म्हणून मला त्या वाक्याचं भय वाटतं. ज्याला सगळं जग आपल्या जिवावर उठलंय असं वाटतं, त्याला 'तुझं वाटणं खोटं आहे' हे पटवण्यात माझी अर्धी नोकरी जाते. आणि इथे त्याची स्वतःची मुलगी सांगत होती, नाना, तुमचं बरोबर आहे, जेवणात घालतात.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी आवाज चढवला नाही. ताट पुढे घेतलं, आणि फिरवून तुझ्यासमोर ठेवलं. रागात ते हिंदी बोलायचे. "पहले तू," म्हणाले. तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, मग दारात उभ्या असलेल्या काकूकडे पाहिलंस, आणि तुझी नजर तिच्यावर थांबली. थांबली ती कायमची. मग तू बसून अर्धी वाटी खाल्लीस. त्या दिवसापासून ते मरेपर्यंत आपल्या घरात तीच रीत. प्रत्येक वाटीतलं अर्धं आधी तू खायचं, त्यांनी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं, मग उरलेलं त्यांनी खायचं. मला वाटलं, चला, आता तू गोळ्या घालणं बंद केलं असशील. कोणतीही शहाणी बाई बंदच करेल.

पुढची तू मला नीट आठवतेस, कारण मला तुझी लाज वाटायची. तू चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगायचीस. भाकरी करपायची. एकदा झोपेत हात तव्यावर गेला आणि कातडी सोलून निघाली, तरी तू ओरडलीसुद्धा उशिरा. तुझे हात थरथरायचे, चालणं आखडलं होतं, तोंडाच्या कडेला ओल असायची आणि ती पुसायचं तुला भान नसायचं. गाव म्हणायचं, फौजीची बायको आळशी आहे. मी गावाच्या पुढे होते. नववीत पालकसभेला तू आलीस, मागच्या बाकावर बसून झोपलीस, आणि बाईंनी विचारलं या कोण, तेव्हा मी सांगितलं, शेजारच्या आहेत, घरातलं कोणी मोकळं नव्हतं म्हणून आल्या. तू डोळे उघडलेस. ऐकलंस का, ते मला माहीत नाही. घरी परत येताना तू बसमध्ये माझ्यासाठी जागा धरलीस.

मग नाना गेले, साध्याशा तापानं. आणि महिन्याभरात तू बदललीस. हात स्थिर झाले. पहाटे उठून अंगण सारवायला लागलीस, ज्वारीचे बिबडे-पापड थापायला चार घरी जाऊ लागलीस, एकदा तर मोठ्यानं हसलीस. तेव्हा मी समाजकार्याचं शिकत होते, मोठी मोठी पुस्तकं वाचत होते. मी सुट्टीत आले, तुला पाहिलं आणि म्हणाले, "नाना मेले आणि तुला जाग आली. त्यांच्या मरणाचीच वाट पाहत होतीस ना." तू पीठ चाळत होतीस. चाळणी थांबवली नाहीस. "हां," म्हणालीस.

धुळ्याच्या मावशीकडे जाणंही तेव्हाच बंद झालं होतं. हे दोन मला जोडता आले नाहीत. फौजींच्या बायकांच्या मुलाखती घेऊन मी वर्गात पहिली आले, पण हे नाही जोडता आलं.

परवाच्या गुरुवारी ती चाळीसगावकडची बाई आली. नवऱ्याबरोबर नाही, एकटी. खुर्चीवर बसताना तिचं अंग लाकडासारखं वळलं. हात मांडीवर ठेवले तरी थरथरत होते. तोंडाच्या कडेला ओल. मला वाटलं, हीदेखील आजारी पडली. डॉक्टरांनी तिचा कोपर वाकवून पाहिला, मान वळवून पाहिली, आणि विचारलं, "बाई, तुमच्या मालकांच्या गोळ्या तुम्ही का खाता?" ती म्हणाली, "पह्यले माले खावा लागस, मंग त्या खातस." डॉक्टर म्हणाले, "मग दाळीत घालणं बंद का नाही केलं?" तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की हा काय विचारतो. "बंद करसू त त्या चांगला ऱ्हातीन का? अर्धं मन्हा पोटमा जास, म्हनीसन आते दोन टाकस."

दोन टाकस. डॉक्टर लिहीत होते आणि मी तिच्या हातांकडे बघत बसले. तूही दोन टाकत असशील, माय. दहा वर्षं. त्यांच्या वाट्याला एक पुरी जावी म्हणून. त्यांनी मला पाढे विचारावेत म्हणून. आणि मी तुला झोपाळू म्हणायचे.

डॉक्टरांनी तिच्या अंगाचा आखडलेपणा उतरायचं औषध दिलं, गोळ्या घालायला सक्त मनाई केली, नवऱ्याला घेऊन या, महिन्याला एक इंजेक्शन देऊन बघू म्हणाले. ती मान हलवत होती. घरी जाऊन ती दोनच टाकणार, हे मला दिसत होतं. बाहेर पडताना माझ्याजवळ थांबली. आता तिच्या बोलण्यात मागचा तोरा नव्हता. म्हणाली, "ताई, त्यास्ले कोनी सांगं व्हई? मन्ही जेठानीनीच सांगं. तिन्हाशिवाय कोनले माहीत शे? आते मी तिन्ही पायरी चढाव नई." आणि माझ्याकडे बघत राहिली. हो म्हण, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हणाले, "असेल."

मला सिव्हिल हॉस्पिटल आठवलं. तुझे शेवटचे दिवस. काकू गावाहून एसटीनं आली, डब्यात मऊ खिचडी घेऊन. तू तिला पाहून भिंतीकडे तोंड केलंस. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, म्हणाली, "बठ्ठं जाऊ दे. दोन घास खाय." तू हलली नाहीस. मग ती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "इतला वरीस व्हयनात, मन्हं काय चुकनं ते त सांग." तिला खरंच माहीत नव्हतं. मी डबा तिच्या हातून घेतला आणि म्हणाले, "ती औषधानं झोपलीये, काकू." ती पायऱ्या उतरून गेली. खिचडी मी खाल्ली. चांगली झाली होती, सौम्य. काकू अजून आहे. तिला आता दिसत नाही. माझा आवाज ओळखते आणि दर वेळी जेवून जा म्हणते.

पुढच्या महिन्यात ती बाई परत येईल. तिला सांगायचं की तुझ्या जावेनं काही केलेलं नाही, मी केलं. सोपं वाक्य आहे. अशी वाक्यं कशी बोलायची याचं प्रशिक्षण मी लोकांना देते. पण सांगितलं की ती विचारेल, का सांगितलं, आणि मी म्हणेन, त्यांनी विचारलं म्हणून. तसंच रजिस्टरमध्ये आहे आणि तसंच मी वर तुलाही लिहिलंय, दोनदा.

तिच्या नवऱ्यानं मला काही विचारलं नव्हतं. तो त्याच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. मला घर ना दार म्हणाली होती ती, ड्रायव्हरसमोर, आणि ते माझ्या डोक्यात महिनाभर होतं. त्या संध्याकाळी उंबऱ्यावर नानांनीही काही विचारलं नव्हतं, माय. ते बूट काढत होते. माझं मनगट जळत होतं. मी आपणहून त्यांच्याजवळ गेले.