चौसष्ट नंबरची छिन्नी

२ जून, सकाळी ९
कारखान्याच्या टेस्टिंग खोलीचा तात्पुरता इनचार्ज झालो. महिनाअखेर कायम होणारच. संकल्प: धातूंचा कठीणपणा मुळापासून समजून घेणे.

२ जून, सकाळी ११
समजला. मशीनचं हिऱ्याचं टोक पोलादात दाबायचं. जितकं कमी रुतेल तितका आकडा मोठा. मोठा आकडा म्हणजे चांगला माल. यात शिकण्यासारखं काय आहे?

५ जून
गंभीर प्रकार. छिन्नी लालबुंद तापवून तेलात बुडवली की आकडा येतो चौसष्ट. मग भट्टीवाले काका तीच छिन्नी मंद आचेवर पुन्हा दोन तास ठेवतात आणि आकडा उतरतो सत्तावन्नवर! म्हणजे तीस वर्षं हा गृहस्थ चांगला माल बिघडवतोय. विचारलं तर म्हणाले, तिला मार सोसायचा असतो, साहेब. 'साहेब' म्हणाले, तेवढं पटलं.

८ जून, रविवार
बायकोला प्रयोग दाखवला. काचेच्या वाडग्यावर सुरी ओढली. ओरखडा नाही! म्हटलं, बघ, काच सुरीपेक्षा कठीण. कौतुकाने उचलताना वाडगा नळावर आपटला. मुळातच सदोष असणार, मेहुणीने दिलेला. बायको विचारते, एवढा कठीण होता तर फुटला कसा? तिला विज्ञानाचं अंग नाही.

११ जून
परवा मोठे साहेब नमुने बघणार. काका जेवायला गेले तेव्हा बारा छिन्न्या मंद आचेला न लावता परस्पर पॉलिशला पाठवल्या. सगळ्या चौसष्ट! येताना दारासाठी 'टेस्टिंग इनचार्ज' अशी पितळी पाटी करायला टाकली.

१३ जून, १०.४०
आकडे वाचले. साहेब खूश, पाठीवर थाप. काकांनी मात्र साहेबांना जाड चष्मा लावायला लावला. वयाबरोबर माणूस भित्रा होतो.

१३ जून, १०.५०
साहेबांनी स्वतः हातोडा मारला. छिन्नीचे तीन तुकडे. एक उडून चष्म्यावर. चष्म्याला ओरखडा. म्हणजे छिन्नी काचेहूनही कठीण, हे मी लगेच लक्षात आणून दिलं. साहेब ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

१३ जून, संध्याकाळ
उरलेल्या अकरा काकांनी मंद आचेवर ठेवल्या. मग साहेबांनी दात-ओठ खाऊन बडवल्या. एकही फुटली नाही.

१६ जून
आजपासून पॅकिंगला. टेस्टिंग काकांकडे. खोली सोडताना तिन्ही तुकडे मशीनवर लावून पाहिले. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. आकड्यात मी चुकलो नव्हतो. तरी फार वाईट वाटलं. काका म्हणाले, त्यांनीही पहिल्या वर्षी एक फोडली होती. माझी समजूत घालायला खोटं बोलत असावेत.

१७ जून
पाटी आली. परत घेत नाहीत. पाटीवाला म्हणतो, पितळ मऊ असतं, अक्षरं मस्त खोल बसली आहेत, जन्मात पुसायची नाहीत.